समुद्र बघा, समोर बघा

एखादा रस्ता फार सुंदर आहे असं सांगणारा माणूस त्या रस्त्यावरून बहुधा मागच्या सीटवर बसून गेलेला असतो. पुढे उजवीकडे बसून गेलेल्या माणसाला विचारा. तो सुंदर वगैरे काही म्हणणार नाही. ‘केळशीच्या पुढे जरा जपून,’ एवढंच म्हणेल आणि मान चोळत निघून जाईल.

कोकणचा सागरी मार्ग रेवसपासून रेडीपर्यंत जातो. कागदावर हे अंतर सुमारे 500 किलोमीटर आहे. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून या महामार्गाची स्वप्नं कोकणी माणसाने पाहिली, आणि कोकणी माणूस चिवट असल्यामुळे तो ती अजूनही पाहतो. रस्ता आहे. फक्त मधेमधे खाडी आली की तो संपतो आणि पलीकडच्या काठावरून काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. मधलं पाणी आपण फेरीबोटीने ओलांडायचं. बाणकोटच्या खाडीत पुलाचे खांब कित्येक वर्षं नुसतेच उभे राहिलेले लोकांनी पाहिले आहेत. त्यांच्यावर पक्षी निवांत बसतात. पुलाचा लाभार्थी म्हणून पहिला मान त्यांचाच.

या रस्त्याची खरी गंमत नकाशात कळत नाही, स्टिअरिंगवर बसल्यावर कळते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. मुंबईहून दक्षिणेला निघालं की समुद्रही उजवीकडे येतो. म्हणजे अख्ख्या गाडीत समुद्राला चिकटून असलेली खिडकी चालकाची. सिनेमाचं पहिल्या रांगेतलं तिकीट हातात द्यावं आणि पडद्याकडे पाठ करून बसायला सांगावं, तशी ही व्यवस्था आहे.

आमच्या गाडीत बायको, मुलगी, मेहुणा आणि सासूबाई अशी मंडळी होती. मी होतो हे वेगळं सांगायला नको, कारण गाडी चालत होती.

अलिबाग ते रेवदंडा समुद्र दिसतच नाही. नागाव, चौल, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि समुद्र त्यांच्या मागे. तेवढा वेळ सगळे शांत होते. मेहुणा वडा खात होता. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव मागे पडलं, कोर्लईचं वळण आलं आणि उजव्या हाताला एकदम सगळा समुद्र उघडा पडला.

“अहो, समुद्र बघा!” बायको ओरडली.

मी बघितला.

“अहो, समोर बघा!” बायको पुन्हा ओरडली.

मी समोर बघितलं. समोर म्हैस होती. म्हैस समुद्र बघत होती. तिला कोणी काही बोलत नव्हतं.

पुढचा सगळा प्रवास या दोन आज्ञांच्या मधे पार पडला. “काय तो रंग! जावईबापू, एवढं बघाच,” असं सासूबाई म्हणत आणि मी मान वळवली रे वळवली की “देवा, देवा, देवा!” असा जप सुरू करत. मुलीला व्हिडिओ काढायचा होता आणि समुद्र माझ्या बाजूला. “बाबा, काच खाली करा. बाबा, हात आत. बाबा, डोकं जरा मागे घ्या ना.” डोकं मागे घेऊन वळणाचा घाट उतरायचा प्रकार कुठल्याही मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. शिकवायला हवा.

मार्गदर्शनाचं काम मेहुण्याने आपणहून घेतलं होतं. फोनमधली बाई बोलेपर्यंत तोही बोलत असे. नांदगावच्या पुढे कुठेतरी रेंज गेली, बाई गप्प झाली आणि मेहुणाही गप्प झाला. राहण्याचं बुकिंगही त्यानेच केलं होतं. “मुरुडला एकदम समुद्राला लागून घर मिळालंय, भावोजी. मालक फोनवर इतके छान बोलले!”

मालक खरंच छान बोलत. मुरुडला पोचल्यावर मेहुण्याने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आम्ही पोचलो हो मुरुडात.”

“उत्तम! किनारा दिसतोय?”

“दिसतोय ना.”

“नारळाच्या बागा?”

“आहेत.”

“समुद्रात किल्ला?”

“समोरच दिसतोय.”

“झालं तर मग! देवीच्या देवळावरून आत वळा, उजव्या हाताला तिसरं घर.”

इतक्या खुणा पटल्यावर घर न सापडणं हा आमचाच नालायकपणा होता. आम्ही गावातल्या दिसेल त्या देवळावरून आत वळलो, उजव्या हाताची तिसरी घरं शोधली. एका तिसऱ्या घरात मुंज चालू होती. तिथे लोकांनी आम्हाला बसवूनसुद्धा घेतलं, पानं घ्यायला लागले. शेवटी मालकांनीच काळजीने विचारलं, “हर्णै मागे टाकलंत ना?”

“हर्णै नाही लागलं. काशीद लागलं.”

फोनमध्ये शांतता पसरली. ती कोकणी शांतता होती. समोरच्याचं हसं करण्याआधी कोकणी माणूस तेवढा अवधी घेतो.

“म्हणजे तुम्ही सिद्दीच्या मुरुडात आहात तर. हे कर्व्यांचं मुरुड. दापोलीचं. तुम्हाला काय, मधे दोन खाड्या आणि दोन फेरीबोटी. या सावकाश. भात टाकू का?”

किनाऱ्यावर मुरुड दोन आहेत. एक रायगडात, जंजिऱ्याचं, ज्याच्या समोर पद्मदुर्ग दिसतो. दुसरं रत्नागिरीत, महर्षी कर्व्यांचं, हर्णैच्या सुवर्णदुर्गाशेजारचं. वेळासही दोन आहेत, एक दिघीच्या जवळ आणि दुसरं कासवांचं. कासवं दरवर्षी बरोबर आपल्याच किनाऱ्यावर येतात. त्यांचं बुकिंग मेहुणा करत नाही.

त्या रात्री आम्ही कुठे झोपलो हे विचारू नका. मुंजीच्या घरातल्या लोकांचं भलं होवो.

सकाळी आगरदांड्याला फेरीबोट. फेरीबोटीत गाडी चढवणं हे काम सोपं असतं. ती उलटी चढवायची असेल तर मात्र समाजकार्य होतं. खलाशाने हात वर करून सांगितलं, “साहेब, फिरवून मागे घ्या.” मी गाडी फिरवली. त्याबरोबर धक्क्यावरचा प्रत्येक माणूस मला मदत करायला लागला. मोटारसायकलवरचे दोघे, टेम्पोवाला, बोटीची वाट बघणारे एक गुरुजी, कोळणी, आणि माझा मेहुणा, ज्याला स्वतःला गाडी येत नाही. “उजवीकडे कापा!” “अहो उजवीकडे म्हणजे त्यांच्या डावीकडे!” “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...” हा ‘येऊ द्या’ फार फसवा असतो. तो एका लयीत चालू राहतो आणि ‘बस्स’ नेहमी आवाज झाल्यावर येतो.

आवाज आला.

“काही नाही, काही नाही,” खलाशी म्हणाला. “सगळ्यांची तिथेच लागते.” त्याने दाखवलेल्या लोखंडी खांबावर खरंच नाना रंगांच्या रेघा होत्या. पांढऱ्या होत्या, लाल होत्या, राखाडी होत्या. आमच्या निळ्याची भर पडली. गुरुजी गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “मी म्हणत होतो डावीकडे.”

खाडी ओलांडायला लागतात काही मिनिटं. तेवढा वेळ मात्र चालकालाही गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहता येतं. मी उतरलो. वारा छान होता. पाण्याकडे बघत म्हटलं, आता कोणी ओरडणार नाही. शेजारी खलाशी येऊन उभा राहिला.

“कुठून आलात?”

“डोंबिवलीहून.”

“खाडी बघायला?”

“हो.”

“डोंबिवलीला खाडी नाही होय?”

आहे. उल्हासची खाडी आमच्या घरापासून रिक्षाने किमान भाड्याच्या अंतरावर आहे, आणि आम्ही तिच्याकडे कधी ढुंकून बघत नाही. हे सगळं त्याला सांगेपर्यंत दिघी आली आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.

दिवेआगरला सासूबाईंना सुवर्णगणेशाचं दर्शन घ्यायचं होतं. 1997 मध्ये इथल्या एका वाडीत जमीन खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, 2012 मध्ये तो चोरीला गेला, आणि 2021 मध्ये सोनं परत मिळून पुन्हा गणपती बसला. ही सगळी हकीकत सासूबाईंनी गाडीत सविस्तर सांगितली. ती ऐकून मेहुणा उतरल्यावर बराच वेळ वाडीतली माती बुटाने उकरत होता.

दिवेआगरहून शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता हा या सगळ्या मार्गातला देखणा भाग, असं जाणकार सांगतात. डोंगर आणि लाटा यांच्या मधे बेताने काढलेली वाट. मला त्या वाटेतलं काय आठवतं म्हणाल तर पांढरी पट्टी. ती काही ठिकाणी पुसट झाली आहे. बाकी समुद्राबद्दलची माहिती मला मागून मिळत होती, क्रिकेटची कॉमेंट्री मिळावी तशी. “आता निळा आहे.” “आता जरा हिरवा झाला.” “अरेरे, गेला.” मग शेवटी सगळे झोपले आणि तेवढ्या वेळात तो नेमका काय रंगाचा होता हे कोणालाच माहीत नाही. मी समोर बघत होतो.

बाणकोट ओलांडून खाली उतरलं की केळशी, आंजर्ले. या गावांतून गाडी नेण्याआधी माणसाने आपल्या गाडीची रुंदी मनाशी नीट घोकावी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यावर ओणवलेल्या पोफळी, आणि मधे जी जागा उरते तिला रस्ता म्हणायचं. एका वळणावर समोर एसटी आली.

एसटीचा चालक थांबला. त्याने इंजिन बंद केलं. खिशातून तंबाखू काढली, चुना काढला आणि मळायला घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एसटी मागे जात नसते, हा तिथला निसर्गनियम आहे आणि तो भरती-ओहोटीइतकाच जुना आहे. कंडक्टर उतरला, माझ्या खिडकीशी आला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, “या साहेब मागे. जास्त नाही, गणपतीच्या देवळापर्यंत.”

गणपतीचं देऊळ मागे केव्हा लागलं होतं ते मला आठवत नव्हतं. सासूबाईंना आठवत होतं. त्यांनी तिथे हात जोडले होते. “पुष्कळ मागे आहे,” त्या म्हणाल्या.

एसटीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बसली. मी मागे जायला लागलो. गडगा, पोफळ, गडगा, सायकल, गडगा. एका ठिकाणी गडग्याला बेडं होतं आणि ते उघडं होतं. मी संधी साधून आत घुसलो. गाडी थेट शेणाने सारवलेल्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. सुपारी वाळत घातली होती, तिच्यावरून एक चाक गेलं. एसटी समोरून डुलत निघून गेली. तिच्या चालकाने जाताना एक बोट उचलून आभार मानले.

ओटीवरून एक आजी उठल्या. आता बोलणी खायची म्हणून मी उतरलो.

“किती जण?” आजींनी विचारलं.

“पाच. पण आम्ही...”

“आता उशीर झाला. जेवण आधी सांगायला लागतं. मोदक हवे असतील तर कालच सांगायला हवं होतं.”

“आजी, आम्ही जेवायला नाही आलो. एसटीला वाट देत होतो.”

“सगळे तसेच येतात,” आजी म्हणाल्या. “बसा. पिठलं-भात टाकते.”

सुपारीवरून गेलेल्या चाकाचा हिशेब बिलात वेगळा लावलेला नव्हता, पण कोकम सरबताच्या भावात तो कुठेतरी असावा असा मला संशय आहे. पिठलं मात्र असं होतं की मेहुण्याने पुढच्या प्रत्येक एसटीला वाट देण्याचा आग्रह धरला.

संध्याकाळी हर्णै. किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालतो. बोटी लागलेल्या, टोपल्यांवर टोपल्या, आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात तरी व्यवहार चोख होतो. मेहुणा मधे घुसला आणि एका टोपलीकडे बोट दाखवून त्याने नुसतं विचारलं, “केवढ्याला?” पुढे काय झालं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. दोन आकडे कोणीतरी ओरडलं, त्याने मान हलवली आणि टोपली त्याची झाली. बांगडे होते. एका टोपलीत किती बांगडे मावतात याचा अंदाज आम्हाला तोवर नव्हता.

कर्व्यांच्या मुरुडात मालक दारातच उभे होते. खरोखर छान माणूस. मेहुण्याच्या हातातली टोपली बघून त्यांचा चेहरा बदलला.

“आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही हो.”

“मग हे ठेवायचे कुठे?”

“गाडीत ठेवा. आणि गाडी जरा लांब लावा. त्या पलीकडच्या माडाखाली.”

माडाखाली पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘माडाखाली गाडी लावू नये.’

“ही पाटी?” मी विचारलं.

“ती नारळासाठी. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही,” मालक म्हणाले. गाडीच्या बाबतीत नारळाचं धोरण काय, याविषयी ते काही बोलले नाहीत.

नारळ पडला नाही. झावळ पडली. सकाळी गाडीच्या टपावर ती आडवी पसरली होती आणि गाडीभोवती पंचक्रोशीतली मांजरं बसली होती. बांगडे शेवटी दूधवाल्याने नेले, तेही आमच्यावर उपकार केल्यासारखे. वास मात्र नेला नाही. काचा उघड्या ठेवून दाभोळपर्यंत गेलो. धोपाव्याला जाणारी फेरीबोट तिथे 2003 पासून आहे, म्हणजे खलाश्यांनी आजवर पुष्कळ काही पाहिलं आणि हुंगलं असणार. तरी त्यातला एक जण आमच्या गाडीशी थबकला, त्याने नाक वर केलं आणि म्हणाला, “बांगडे. परवाचे?”

“कालचे,” मेहुणा दुखावून म्हणाला.

गुहागरच्या पुढे हेदवीला बामणघळ आहे. खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीला तिच्यात पाणी घुसलं की उंच फवारा उडतो. आम्ही खडकांवरून ठेचकाळत तिथे पोचलो आणि चिरेकडे बघत उभे राहिलो. चिरेत एक खेकडा होता. तो आमच्याकडे बघत उभा राहिला.

“भरती कधी असते?” मी तिथल्या एका मुलाला विचारलं.

“आत्ता होती.”

“परत कधी?”

“रात्री. पण रात्री दिसत नाय.”

तवसाळ-जयगड फेरीबोटीत मी गाडी मागे घेतली तेव्हा आवाज आला नाही. ही गोष्ट घरातल्या कोणाच्याही लक्षात आली नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

गणपतीपुळे झालं, आणि रत्नागिरीच्या वाटेवर आरे-वारे आलं. घाटाच्या वळणावर एका नजरेत दोन किनारे दिसतात. त्यामुळे जगातली प्रत्येक गाडी नेमकी त्या वळणावरच थांबते, आणि थांबलेल्या गाड्यांमुळे रस्ता उरत नाही. “तुम्ही आम्हाला इथे उतरवा आणि गाडी पुढे लावून या,” बायको म्हणाली. मी पुढे गेलो. पुढेही गाड्या. आणखी पुढे गेलो. जागा मिळाली ती उताराच्या पार तळाशी, सुरूच्या झाडांत. गाडी लावून चढ चढायला लागलो तर अर्ध्यात मंडळी खाली उतरताना भेटली.

“काय दिसतं हो वरून!” सासूबाई म्हणाल्या. “चला आता, जेवायचं सांगून ठेवलंय. आधी सांगायला लागतं.”

येताना आम्ही आतल्या महामार्गाने आलो. मुंबई-गोव्याचं काम 2011 पासून चालू आहे. तिथे बघण्यासारखं बाहेर काही नसल्यामुळे गाडीतली पाचही माणसं एकजुटीने समोर बघत होती. खड्डे सगळ्यांना एकदम दिसत. वादाला जागाच नव्हती. संसारात इतकं एकमत मी फार क्वचित अनुभवलं आहे.

घरी आल्यावर मुलीने सगळे व्हिडिओ टीव्हीला जोडले. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून घेतलं, चहा झाला. मी आतल्या खोलीत पाठ शेकत पडलो होतो, पण ऐकू सगळं येत होतं.

“अगंबाई, काय निळा समुद्र! पण हे कोपऱ्यात काय आहे?”

“कान,” मुलगी म्हणाली.

“याच्यातही आहे. आणि याच्यातही. कोणाचा?”

“गाडी चालवणाऱ्याचा.”

काकू जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “सगळीकडे समोरच बघतोय हो. अशी माणसं मिळत नाहीत हल्ली. आम्हाला मे महिन्यात जायचंय. दिवसाचे किती घेतो?”

“घेत काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पण मागे घ्यायला जरा कच्चा आहे.”